एका मताने पडलेला सुपडू

सुपडू गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावात सलूनच्या खुर्चीत बसलो होतो आणि माझी एकाच गालाची दाढी झाली होती. भडगावहून त्याचा पुतण्या बोलत होता. "नाना, आबा गयात सकाळीच..." एवढंच तो म्हणाला. मी उठलो, टॉवेलने गाल पुसला आणि थेट एसटी स्टँड गाठलं. न्हावी बिचारा दारापर्यंत मागे आला, "नाना, अर्धी राहिली!" म्हणून. त्याच अर्ध्या दाढीने मी गिरणेकाठी सुपडूच्या शेवटच्या कार्याला उभा राहिलो. जमलेल्या मंडळींपैकी निम्म्यांना वाटलं, दुःखाने माझं डोकं फिरलंय. सुपडूची बायको, आमच्या वहिनी, रडता रडता माझ्याकडे पाहून थबकल्या आणि तोंडाला पदर लावला. त्या पदराआड रडणं होतं की दुसरं काही, हे मी आजवर विचारलेलं नाही. सुपडू असता तर मात्र पोट धरून हसला असता, यात शंका नाही.

पाच-सहा आठवडे होऊन गेले आहेत. आता कुठे त्याच्याविषयी लिहायला बसलो आहे.

आम्ही दोघं जळगावबाहेरच्या एका कोळशाच्या यार्डात नोकरीला होतो. विदर्भातल्या खाणींतून रेल्वेच्या वाघिणी भरून कोळसा येई. तो उतरवायचा, क्रशरमध्ये फोडायचा आणि ट्रकांत भरून पुढे पाठवायचा, असं ते काम. सुपडू क्रशरवर होता. क्रशर म्हणजे यार्डातली सगळ्यात वाईट जागा. तिथे दिवसभर एवढी काळी धूळ उडे की दोन हातांवरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागे. मी वजनकाट्यावरचा कारकून. काचेची खोली, पंखा, खुर्ची आणि पांढरा शर्ट. संध्याकाळी सगळे नळावर अर्धा-अर्धा तास अंग घासत उभे असत तेव्हा मी भांग पाडून फाटकाबाहेर पडलेला असे. एकाच यार्डात, एकाच युनियनमध्ये असून आमच्यात हा फरक होता. सुपडूने त्याची थट्टा खूप केली, पण राग कधी धरला नाही.

युनियनचे अध्यक्ष होते दादासाहेब. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, पांढऱ्या चपला. यार्डात त्यांना कोणी पाहिल्याचं मला आठवत नाही. ते फाटकापर्यंत येत आणि तिथूनच कामगारांच्या व्यथा समजून घेत. दर हिवाळ्यात आमची वार्षिक सभा एका शेतात भरे आणि सभेला जोडून भरीत-पुरी असे. खानदेशात हिवाळ्यात भरिताचं आमंत्रण कोणी नाकारत नाही. सोयरीक मोडलेली माणसंसुद्धा येतात. दादासाहेबांनी ही नस बरोबर पकडली होती. ते सभा अशा वेळेला लावत की इकडे अहवालवाचन सुरू व्हावं आणि तिकडे कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जावीत. धुराचा वास मंडपात शिरला, वांगी ठेचण्याचा धपधप आवाज आला, की दादासाहेब हळूच म्हणत, "आता अध्यक्षपदाचा विषय..."

इथे माझं काम सुरू होई. मी अनुमोदक होतो. कोणीतरी दादासाहेबांचं नाव सुचवी, मी उठून "माझं अनुमोदन आहे" म्हणे आणि बसायच्या आधीच टाळ्या सुरू करी. कितीतरी वर्षं मी हे काम चोख केलं. मी टाळी वाजवली की माणसं टाळ्या वाजवत वाजवतच पत्रावळींकडे धावत. विरोधाला सवडच नसे.

एका वर्षी माझी टाळी वाजायच्या आत मागून आवाज आला, "माले एक इचारनं शे."

सुपडू उभा होता. दादासाहेब हसून म्हणाले, "विचार ना, सुपडू."

"क्रशरवर आम्ही बारा जन किती वरीस ऱ्हावानं? पाळीपाळीनी बठ्ठासनी उभं ऱ्हावाले पाहिजे. काट्यावरना बाबूनी बी."

काट्यावरचा बाबू म्हणजे मी. पण मला काही बोलावं लागलं नाही. मागून पन्नास-साठ माणसं ओरडली, "बस खाले, भरीत थंड व्हई ऱ्हायनं!" सुपडू बसला. दादासाहेब बिनविरोध निवडून आले. जेवताना सुपडू माझ्याच शेजारी बसला, चार पुऱ्या खाल्ल्या आणि म्हणाला, "बाबू, आपली युनियन दादासाहेबना हातमा नही, वांगाना हातमा शे."

पुढच्या वर्षी त्याने मोहीमच काढली. सभेआधी आठ दिवस तो वाघिणीवाघिणीतून फिरून सांगत होता, "बठ्ठा जन घरून खाईसन या!" पोट भरलेलं असलं की माणसं घाई करणार नाहीत, प्रश्न विचारतील, असा त्याचा हिशेब. लोकांनी त्याचं ऐकलं, आणि तिथेच घात झाला. खानदेशी माणूस घरून जेवून निघायचं म्हटल्यावर अर्ध्या भाकरीवर कशाला उठतोय? मंडळी वरण-बट्टी हाणून आली, हिवाळ्याच्या उन्हात मंडपात बसली आणि अहवालाच्या दुसऱ्या पानाला घोरू लागली. सुपडू एकेकाला कोपराने ढोसत होता. माझ्या टाळ्यांनी सगळे दचकून जागे झाले, सवयीने टाळ्या वाजवू लागले आणि ठराव मंजूर झाला. वर कहर म्हणजे उठल्यावर सगळे पुन्हा भरीत जेवले. मी त्या दिवशी एवढा हसलो की सुपडू चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

पाचव्या दिवशी तो काट्यावर आला. "बाबू, युनियननं नियमनं पुस्तक तुनाकडे शे ना? वाचीसन दाखाड." पुस्तक माझ्याच कपाटात होतं, कोणी कधी उघडलेलं नव्हतं. वाचून काय बिघडतंय, असं मला वाटलं. ट्रक येत-जात होते आणि मधल्या वेळात मी त्याला एकेक कलम वाचून दाखवत होतो. तो दाराबाहेर उकिडवा बसून ऐके. माझी खोली काळी होऊ नये म्हणून आत येत नसे. एका कलमाशी आलो तसा त्याचा हात वर गेला. "पुन्हा वाच." एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर निवडणूक गुप्त मतदानाने घ्यावी, असं त्यात होतं. मी पुन्हा वाचलं. त्याने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. माझ्याच तोंडून निघालेलं ते वाक्य माझ्याच खुर्चीखाली सुरुंग लावणार आहे, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

महिनाभरात त्याने सह्या गोळा केल्या. दादासाहेबांनी टाळाटाळ केली, पण नियम त्यांच्याच काळात छापलेला होता. शेवटी यार्डाच्या कँटीनमध्ये मतदान ठरलं. दादासाहेबांविरुद्ध उभा राहिला खुद्द सुपडू, आणि त्याचं म्हणणं एकच: क्रशरवर सगळ्यांची पाळी.

मतदानाच्या दिवशी कँटीनच्या कोपऱ्यात वहिनींचं जुनं लुगडं पडदा म्हणून बांधलं होतं. आत एक स्टूल आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. माणसं पाळी संपवून तशीच येत होती. आयुष्यात पहिल्यांदा पडद्याआड एकटं उभं राहून ठरवायचं होतं, तेव्हा काही जण आत दहा-दहा मिनिटं काढत. एका म्हाताऱ्याने आतूनच विचारलं, "सुपडूना नावना पुढे खूण कोठे करू रे?" आणि बाहेरची सगळी रांग ओरडली, "गुप्त शे, आबा, गुप्त!"

माझी वेळ आली. मी आत गेलो. दोन नावं समोर होती. एक माझा मित्र होता, जो माझी खोली काळी होऊ नये म्हणून उन्हात बसत असे. दुसऱ्याच्या हातात माझी काचेची खोली आणि पंखा होता. खोटं कशाला सांगू... मी क्रशरला घाबरलो. मी दादासाहेबांच्या नावापुढे खूण केली. काट्याच्या पावतीवर करतो तशीच झाली, लांब शेपटीची आणि शेवटी वळण घेतलेली. घडी घातली आणि डब्यात टाकली.

मोजणी सुरू झाली तेव्हा मी मागे भिंतीशी उभा होतो. पहिली चिठ्ठी उघडली. ती काळी होती. दुसरीही काळी होती. मत देणारा प्रत्येक हात कोळशातून आला होता, त्यामुळे प्रत्येक चिठ्ठीवर बोटांचे काळे डाग. दादासाहेब यार्डाचे कामगार नसल्याने त्यांना मत नव्हतं, आणि सगळ्या यार्डात स्वच्छ हाताचा मतदार एकच होता. म्हणजे डब्यात पांढरीशुभ्र चिठ्ठी एकच निघणार होती, आणि ती कोणाची, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

नियम असा होता की दोन्ही उमेदवारांनी प्रत्येक चिठ्ठी हातात घेऊन तपासायची. पण त्या काळ्या चिठ्ठ्या पाहून दादासाहेबांनी हात मागे बांधले. "सुपडू, तूच बघ, माझा विश्वास आहे," म्हणाले. शर्टाची काळजी होती, दुसरं काय! त्यामुळे सगळ्या चिठ्ठ्या सुपडूच एकटा उघडत होता, नाव वाचून दाखवत होता आणि गठ्ठ्यात ठेवत होता. मी देवाचं नाव घेत होतो.

सुपडू एका मताने पडला.

कँटीनमध्ये कल्लोळ झाला. त्याच्या बाजूच्या तरण्या गड्यांनी गठ्ठे ओढून घेतले, एकेक चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली. आता माझी पांढरी चिठ्ठी कोणाच्या तरी हाती लागणार आणि हे लोक मला कोळशाच्या ढिगात पुरणार, असं धरून मी दाराकडे सरकत होतो. पण तसं काही झालं नाही. घाईगडबडीत नजरेतून सुटली असणार, असं मी मनाला समजावलं. सुपडू तर नाचत होता! "पडनू ते पडनू, पन मोजीसन पडनू!" असं ओरडत त्याने दादासाहेबांना मिठी मारली. त्या पांढऱ्या शर्टाचं पुढे काय झालं, हे सांगायला नको.

त्यानंतर यार्डात ज्याला विचारावं तो म्हणे, "मी ते सुपडूलेच देयेल व्हतं." त्या हिशेबाने सुपडूला दादासाहेबांच्या चौपट मतं पडायला हवी होती. मीही तेच म्हणत असे. सगळ्यात मोठ्याने.

मतदानाने आलेल्या अध्यक्षाची मुदत नियमाप्रमाणे तीन वर्षांची होती. ती संपल्यावरच्या निवडणुकीला मतदान टाळणं कोणाला जमलं नाही. सुपडू उभा राहिला नाही, त्याला खोकला लागला होता. त्याच्या हाताखालचा एक जण उभा राहिला आणि भरघोस मतांनी आला. क्रशरवर पाळ्या लागल्या. माझी पहिली पाळी आली त्या दिवशी सुपडू सुट्टी असूनही मुद्दाम यार्डात आला. ओला रुमाल नाकातोंडावर कसा बांधायचा हे त्याने मला शिकवलं आणि मग लांब उभा राहून माझ्याकडे बोट दाखवून हसत बसला. आठ दिवसांत माझा जीव नकोसा झाला. या माणसाने तिथे वीस वर्षांवर काढली होती, आणि माझ्या एका मताने त्यात आणखी तीन वर्षांची भर पडली होती. ती तीन वर्षं त्याच्या छातीत किती खोल गेली, हे डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. मी मात्र त्या वर्षांचा विचार केल्याशिवाय राहू शकत नाही.

जायच्या महिनाभर आधी मी त्याला भेटायला गावी गेलो होतो. ओट्यावर खाट टाकून पडला होता, बोलताना धाप लागत होती. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून गेलो होतो. म्हणालो, "सुपडू, त्या मतदानाचं... मी तेव्हा..."

त्याने दोन्ही कानांत बोटं घातली. एवढा आजारी माणूस, पण आवाज खणखणीत निघाला. "नको सांगू! माले ठाऊक नही, आनि ठाऊक करानं बी नही. गुप्त म्हंजे गुप्त!" मग खोकत खोकत वहिनींना हाक मारली, "चहा मांड, बाबू भलतंसलतं बोली ऱ्हायना." मी पुन्हा तोंड उघडायचा अवकाश, की त्याची बोटं कानात. तासाभरात पाच वेळा हे झालं. शेवटी मला हसू फुटलं आणि सांगायचं राहून गेलं.

गेल्या आठवड्यात वहिनींनी पुतण्याच्या हाती एक पुडकं पाठवलं. सोबत निरोप होता, "त्यासनी सांगेल व्हतं, हाई बाबूले दी टाक." वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, सुतळीने बांधलेल्या त्या मतदानाच्या चिठ्ठ्या होत्या. निकालानंतर दादासाहेबांनी "घेऊन जा हा तुझा कोळसा" म्हणून त्याच्याकडे दिल्या होत्या, त्याने जपून ठेवल्या होत्या. मी खोलीचं दार लावून एकेक पाहू लागलो. पांढरी चिठ्ठी शोधत होतो. दादासाहेबांचा गठ्ठा संपला, सुपडूचा संपला, पांढरी चिठ्ठी कुठेच नव्हती. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. तेव्हा ती लांब शेपटीची, शेवटी वळणाची खूण दिसली.

बाकीच्या चिठ्ठ्यांवर एखाद-दुसरा डाग होता, जिथे धरली असेल तिथे. माझ्या चिठ्ठीला चारही कोपऱ्यांना, पुढून आणि मागून, नीट चोळून चोळून कोळसा लावलेला होता. फक्त खुणेची जागा सोडली होती. मित्राचं मत आपल्याविरुद्ध गेलेलं समोर दिसत असताना, भर कँटीनमध्ये, कोणाच्या लक्षात येऊ न देता त्याने हे कधी केलं असेल...

मी पुडकं बांधून ठेवलं आणि हात धुवायला मोरीत गेलो. बोटं काळी झाली होती. नळ सोडला आणि नुसताच उभा राहिलो. जरा वेळाने बायको आतून म्हणाली, "अहो, पाणी वाया चाललंय." मी नळ बंद केला. हात तसेच ठेवले.