मी काढलेली दोन बोटं

वाळूजच्या शाळेत मी एकोणीस वर्षं चित्रकला शिकवली. शहरातून रोज जायचे, नगर नाक्यावर बस पकडून. शाळेतल्या बहुतेक मुलांचे वडील आसपासच्या कंपन्यांत कामाला होते. पोरं सकाळी शाळेत येत तेव्हा त्यांच्यातल्या काहींचे वडील नाइट करून घरी परतत असत. बाप-लेकांची भेट कित्येकदा शाळेच्या फाटकाबाहेरच व्हायची.

माझं नाव होतं ते ग्रेड परीक्षांसाठी. एलिमेंटरी असो की इंटरमिजिएट, माझी मुलं कधी नापास झाली नाहीत. स्थिरचित्राला सुरई, दोन लिंबं आणि मागे चुण्या पडलेलं कापड. स्मरणचित्राला भाजीबाजार नाहीतर बसथांबा. भाजीवालीने तराजू कोणत्या हातात धरायचा, तिच्यामागचं झाड कुठे उभं करायचं, हेसुद्धा मी मुलांकडून घटवून घेत असे. चुकलं की त्यांच्याच कागदावर माझी पेन्सिल चालायची. माझ्या गुरुजींनी माझ्या कागदावर चालवली होती, तशीच. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

एका वर्षी शहरात कलाशिक्षकांचं प्रशिक्षण झालं. शिकवणारा मुलगा माझ्या लेकाच्या वयाचा. तो म्हणाला, "तुम्ही परीक्षेची चित्रं छान काढून घेता. पण त्या मुलांची स्वतःची चित्रं कधी पाहिलीत का?" मला राग आला होता. तरी ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. त्या हिवाळ्यात मी नववीच्या वर्गाला सांगितलं, "घरातल्या कुणाचाही हात बघून काढून आणा. आठवून नको, समोर ठेवून."

मुलांनी जे आणलं ते बघून मी थक्क झाले. मूळची खुलताबादची एक मुलगी होती, तिने नानीचा हात काढला होता, तसबीहचे मणी पुढे सरकवणारा. एकाने आईचा हात काढला होता, पिठाने माखलेला. एकाने आजोबांचा हात म्हणून स्वतःचाच काढून वर सुरकुत्या घातल्या होत्या. ते लगेच कळत होतं आणि सगळे हसले.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी तिचा कागद घेऊन शेवटी आली. आठवीत आली होती ती आमच्याकडे. घरचे मूळचे वैजापूरकडचे, वडील एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर, एवढंच मला माहीत होतं. बोलायची फार कमी. तिच्या कागदावर फुलाफुलांच्या चादरीवर पडलेला, अर्धवट उघडा एक उजवा हात होता. अंगठा फार सुंदर उतरला होता. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोटही. पण तर्जनी आणि मधलं बोट नव्हतं. त्यांच्या मुळाशी कातडी ओढून घेतल्यासारखी एक वळी होती, तिच्यावर बारीक छाया. मला ती खाडाखोड वाटली. मला वाटलं, पुढे आलेली बोटं काढणं अवघड म्हणून हिने सोडून दिली.

घंटा व्हायला पाचेक मिनिटं होती. "अगं, दोन बोटं राहिलीत की," म्हणत मी फोर-बी पेन्सिल उचलली आणि दोन्ही बोटं काढून टाकली. किंचित वाकलेली, पेरांवरच्या रेघांसकट, नखांसकट. छान उतरली. त्या वेळी मला त्यांचं समाधान वाटलं होतं, हे सांगताना आज लाज वाटते. मग मी तो कागद वर धरून वर्गाला दाखवला. म्हटलं, "बघा, अवघड वाटलं म्हणून सोडून द्यायचं नाही."

ती टेबलाजवळ उभी होती. कागदाकडे बघत होती.

"समजलं का?" मी विचारलं.

"हो मॅडम," ती म्हणाली. दोन्ही हातांनी कागद घेतला आणि जागेवर जाऊन बसली.

दोन आठवड्यांनी पालकसभा झाली. तिचे वडील कंपनीच्या शर्टातच आले होते. उजव्या हातावर घडी केलेला रुमाल. मी सहीसाठी कागद पुढे केला तर त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं आणि पहिलीतल्या मुलासारखी एकेक अक्षर काढत सही केली. कागद हलायला लागला म्हणून त्यांनी नकळत उजवा हात त्यावर ठेवला. रुमाल घसरला.

चादरीवरचा तो हात मी लगेच ओळखला.

मी बघितलेलं त्यांनी बघितलं. "प्रेसमदी गेली," ते म्हणाले. "दीड वर्स झालं. आता गेटवर बसवलंय मला." रुमाल पुन्हा नीट घेतला. मग म्हणाले, "तुमीच का चित्रकलेच्या मॅडम?"

"हो."

"पोरीनं माझा हात काढलाय. मी डुटीवरून येऊन दुपारचा झोपलो व्हतो, तवा बसून काढला म्हणं. मला उठवलं बी नाय. मला वाटलं, हाय तसाच काढला असंल. तर पाची बोटं. लई येळ बघत बसलो, मॅडम. माझीच हायेत, अशीच जराशी वाकडी व्हती. भिताडाला लावलंय घरी."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "छान काढते ती."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला व्हरांड्यात बोलावलं. "मला माहीत नव्हतं गं," मी म्हणाले.

"हो मॅडम."

"तू तेव्हाच सांगायचं होतंस ना."

ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना दाखवत होता."

मी विचारलं, "आणि पप्पांना का नाही सांगितलंस, बोटं मी काढली म्हणून?"

"सांगणारच होते. पण चित्र बघून ते रडले. दवाखान्यात पण रडले नव्हते. मग कसं सांगू?"

त्या दिवशी ती पहिल्यांदा जरा मोकळी झाली. तिने सांगितलं की पप्पा तो हात कुणाला बघू देत नाहीत. जेवतानासुद्धा भिंतीकडे तोंड करून बसतात. सकाळी बाहीचं बटण ती लावून देते तेव्हाही ते मूठ मिटून घेतात, आणि ती मूठ नीट मिटत नाही. फक्त झोपेत तो हात उघडा पडतो. "म्हणून झोपल्यावर काढला," ती म्हणाली. "मी तीनच काढली होती मॅडम. तशीच बरोबर होती."

तेव्हा तरी मी गप्प राहायला हवं होतं. पण मला माझी चूक दुरुस्त करायची घाई झाली होती. पुढच्या महिन्यात स्नेहसंमेलन होतं आणि हॉलमध्ये मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन लावायचं ठरलं होतं. मी म्हणाले, "तू पुन्हा काढ. आहे तसाच. या वेळी मी हातसुद्धा लावणार नाही."

"पण पप्पा येतील ना बघायला?"

"येऊ दे की. आपली लेक किती खरं बघते, ते त्यांनाही कळेल."

हे वाक्य माझं. तिला ते पटलं होतं की मॅडम म्हणतात म्हणून ती तयार झाली, हे मला आजवर कळलेलं नाही.

चार दुपारी बसून तिने ते चित्र केलं. माझ्या एकोणीस वर्षांत कुठल्याही मुलाने त्याहून चांगलं चित्र काढलं नाही. त्यात कणव मागणारं काही नव्हतं. एक दमलेला हात होता, चादरीवर विसावलेला, आणि जिथे बोटं नव्हती तिथे तिने सर्वात जास्त वेळ घालवला होता. ती कातडीची वळी, तिच्यावरचा टाक्यांचा माग, सगळं शांतपणे, न घाबरता बघितलेलं. मी ते हॉलच्या मधोमध लावलं. खाली तिने स्वतः लिहिलं: माझे पप्पा.

स्नेहसंमेलनाला ते बायकोला आणि धाकट्या मुलीला घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. चित्रासमोर आधीच दहा-बाराजण उभे होते. त्यात त्यांच्याच कंपनीतले दोघं होते. त्यांतला एकजण मागे वळला आणि कौतुकानेच म्हणाला, "अरे, हा तर तुझाच हात. हुबेहूब!" सगळ्यांच्या माना चित्राकडून त्यांच्याकडे वळल्या. कुणी वाईट बोललं नाही. एक बाई तर "बिचारा" म्हणाल्या, तेही हळू आवाजात.

त्यांनी उजवा हात पॅन्टच्या खिशात घातला. चित्राकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. मुलगी चित्राकडे बघतच नव्हती, त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "चांगलं काढलंय," ते तिला म्हणाले आणि बाहेर गेले. मी चहा घेऊन मागे गेले तर ते मैदानापलीकडच्या नळाजवळ पायरीवर बसले होते, पाठमोरे. मी तशीच परत फिरले.

बक्षीस समारंभ सुरू व्हायच्या आतच तिने चित्र उतरवून गुंडाळलं होतं. तिला पहिलं बक्षीस होतं. ते घ्यायला ती स्टेजवर आली, फोटोत उभी राहिली, आणि खाली उतरल्यावर प्रशस्तिपत्र दप्तरात कोंबलं.

पुढच्या आठवड्यात तिनेच मला गाठलं. घरच्या भिंतीवरचं पहिलं चित्रही पप्पांनी काढून ठेवलं होतं. कुठे ठेवलं, ते सांगत नव्हते. "त्यांना वाटतं, पहिला हात मी कीव येऊन काढला," ती म्हणाली, "आणि खरा लोकांना दाखवायला ठेवला."

"असं म्हणाले ते?"

"आईला म्हणाले. मला नाही. माझ्याशी नीटच बोलतात."

मग मात्र मला राहवलं नाही. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या कंपनीच्या गेटवर गेले. ते स्टुलावर बसले होते. मला बघून उठले, स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले नाही. मी सांगितलं, "दादा, पहिल्या चित्रातली ती दोन बोटं मी काढली होती. मला माहीत नव्हतं. मला वाटलं ती विसरली."

तेवढ्यात एक ट्रक आला. त्यांनी खांद्याने रेटून फाटक उघडलं, ट्रक आत गेल्यावर लावून घेतलं आणि परत येऊन उभे राहिले.

"म्हंजी पोरीनं काढली नव्हती ती."

"नाही. तिने पहिल्यापासून तीनच काढली होती. तिच्यावर रागावू नका."

"व्हय का," ते म्हणाले. मग म्हणाले, "रागवायचं काय त्यात. मला आपलं वाटलं, तिच्या ध्यानात माझा हात अजून तसाच हाय. ल्हान व्हती तवा ह्याच बोटाला धरून अंगणवाडीत जायची." त्यांनी कोणतं बोट ते दाखवलं नाही. हात खिशातच होता.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"तुमचं बी काय चुकलं नाय मॅडम. हात म्हणलं की मानूस पाच बोटं काढतंच." आणि मला बसथांब्यापर्यंत सोडायला कुणाला सांगू का, असं त्यांनी विचारलं.

मी चालतच बसथांब्यावर गेले. मी माझ्या मनावरचं ओझं उतरवायला गेले होते. ते उतरलं, पण त्यासाठी त्यांच्याजवळ उरलेली एक गोष्ट मी काढून घेतली होती. मुलीवरचा राग जावा म्हणून सांगितलं, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावत होते. राग नव्हताच तिथे.

ती मुलगी पुढच्या वर्षी, दहावीत, इंटरमिजिएटला बसली. ए श्रेणी मिळाली. सुरई, लिंबं, कापडाच्या चुण्या, सगळं बिनचूक. भाजीबाजारातली भाजीवालीही मी शिकवल्याप्रमाणे उजव्या हातात तराजू धरून होती. घरातलं मात्र तिने पुन्हा काही काढलं नाही. मी एकदा म्हणाले, तुझ्या धाकट्या बहिणीला काढ ना झोपलेली. तिने 'हो' म्हणून मान हलवली. चित्र काही आलं नाही.

त्यानंतर मी मुलांच्या कागदावर पेन्सिल टेकवणं सोडलं. काहींच्या श्रेणी घसरल्या, मुख्याध्यापकांनी दोनदा विचारलंही. पुढच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या त्याच मुलाने मला अनुभव सांगायला उभं केलं. मी नानीचा तसबीहवाला हात दाखवला, पिठाचा हात दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचं मी सांगितलं नाही.

दहावीचा निकाल लागल्यावर ती दाखला न्यायला आली. वडिलांनी कंपनी सोडली होती. वैजापूरच्या बाजारात चुलत्याच्या आडतीवर ते बसणार होते आणि सगळे गावाकडेच चालले होते. तिला तिथल्या ज्युनिअर कॉलेजात कॉमर्सला घालणार होते. शाळेतून नेलेला ड्रॉइंग बोर्ड आणि मी तिला वापरायला दिलेले तीन ब्रश ती परत करायला माझ्या खोलीत आली. ब्रश स्वच्छ धुतलेले होते, टोकं बोटांनी ओढून नीट केलेली.

"ब्रश ठेव तुला," मी म्हणाले.

"नको मॅडम. तिथं काय काढणार."

"पप्पा कसे आहेत?"

"बरे आहेत." मग खिडकीकडे बघत म्हणाली, "खाली आलेत. रिक्षा थांबवलीय."

मी खिडकीतून बघितलं. फाटकाशी कडुलिंबाच्या सावलीत रिक्षा उभी होती आणि ते तिच्या बाजूला उभे राहून वर बघत होते. मी दिसले तेव्हा त्यांनी मान लववली. ती पाया पडली, जिना उतरून गेली. आपण खाली जाऊन त्यांना भेटावं, असं मला फार वाटत होतं. भेटून काय बोलावं, ते मात्र सुचेना, आणि मी गेले नाही.