चिचगडची लाल वाइन अन् भाऊजींची जीभ

संक्रांत झाली अन् ताईचा फोन आला. "देवका, ये. अंगूर रंगावर येऊन राहिले. तोडणीपर्यंत राय इथंच." मंग थोडी थांबली अन् म्हणे, "तुह्या भाऊजींच्या तोंडातला छाला बी भरून नाही राहिला, जखम तशीच आहे."

मी म्हणलं, "छाल्यावर मी काय करू? मी डॉक्टरीन होय का?"

"तू आली का ते हासतेत. हासले का दोन घास जास्त जेवतेत."

एवढं म्हणल्यावर कोण नाही जाणार? नवरा जाऊन बरेच वर्सं झाले, पोरगी सासरी, घरात मी अन् हा फोन, ज्याच्यावर बोटानं टिपून टिपून मी हा ब्लॉग लिवते. कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या सीताबाईपाशी देल्ली अन् गोरेगावच्या स्टँडवर येऊन उभी रायली.

ज्याइले चिचगडले जायचं आहे त्याइच्यासाठी आधी रस्ता सांगते. गोरेगाववरून कोहमाऱ्याले एसटी भेटते. कोहमाऱ्यात उतरा, ढाब्यावर तर्री-पोहे खा, चहा प्या, अन् बायांनो, बाथरूम तिथंच उरकून घ्या, पुढं लाज अन् झाडं याच्याशिवाय काही नाही. तिथून रायपूरकडं जाणारी कोणती बी बस देवरीले सोडते. देवरीवरून काळीपिवळी. ती भरल्याशिवाय हालत नाही, अन् भरली म्हणजे काय हे डायवरच ठरवते. माझ्या मांडीवर एका बाईची कोंबडी बसली होती. मी डायवरले म्हणलं, "हिचं तिकीट घेतलं का जी?" त म्हणे, "मावशी, तुमी हलक्या आहा, तुमाले कोंबडीच्या भावात नेऊन राहिलो." जाणं-येणं शे-दीडशेत होते, कोंबडी सोडून.

देवरी सुटली का जंगल लागते. साग, ऐन, मोह. मधात मधात धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, जानेवारीत नुसते बुडखे राहिलेल्या. अन् चिचगडच्या अलीकडं, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, खालच्या अंगाले, मुरमाच्या उतारावर तारा ताणलेल्या दिसल्या. हेच ते. आमच्या भाऊजींची दारूची बाग. गावात हेच नाव.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे मालक. जवानीत नाशिककडं वाइनच्या कारखान्यात कामाले गेले. टाक्या धुता धुता सगळं शिकले, अन् म्हातारपण लागायच्या आधी गावाले परत येऊन त्याइनं दोन एकरात लाल वाइनचे अंगूर लावले. धानाच्या मुलखात! लोक हासले. मी बी हासली, पन मी साळी होय, मले हक्क आहे.

दोन जाती लावल्या होत्या. एक शिराज, एक काबर्ने. मी म्हणलं, "भाऊजी, नावं त अशी जशा नागपूरच्या सिव्हिल लाइनीतल्या बंगलेवाल्या बाया. घरात आमची ताई पुरत नव्हती का?"

ते हासले. हासता हासता गालाले हात लावला. तवाच मले समजलं का छाला साधा नाही.

त्याइनं मले ओळीओळीतून फिरवलं. शिराज रंग देते, वास देते. काबर्ने तिले हाड देते. एकटी शिराज लाडावलेली पोरगी, एकटी काबर्ने खाष्ट सासू. दोघीइले बरोबर मापात मिसळलं का मंग घर चालते. अन् ते माप कागदावर नाही भेटत, जिभेवर भेटते. आजपर्यंत ते एकेकच जात काढत आले होते. औंदा पयल्यांदा दोनी एकदम जमल्या होत्या. औंदा मिसळायची होती.

"अन् त्या जिभेखाली आयुष्यभर तंबाखू-सुपारीचा खर्रा," मी म्हणलं.

"सोडला."

"कवा?"

"छाला झाल्यावर."

जमिनीले भेगा पडलेल्या होत्या, पानं मरगळलेली. मले वाटलं पाणी संपलं असन. भाऊजी म्हणे, मीच बंद केलं. वेलाले तहान लागली पायजे. मंग तो आपला सगळा जीव मण्यात घालते, साखर चढते. आता पाणी देल्लं त मणी फुगन, साल फाटन, सगळं पाणचट. त्याइच्यापाशी दुर्बिणीसारखी एक नळी होती. तिच्या काचेवर रसाचा थेंब ठेवून डोळ्याले लावायची, त साखरेची रेघ दिसते. रोज सकाळी पायचे अन् म्हणायचे, "आणखी थोडी."

फेब्रुवारी लागली तवा ताईनं जिद्द केली अन् आमी तिघं नागपूरले गेलो. निघतानी भाऊजी शेजारच्या सुखराम काकाले म्हणले, "काका, वावराकडं जरा लक्ष ठेवा." काका म्हणजे भाऊजींच्या बापाचे दोस्त. पंचाहत्तरीचे असतीन, पाठीत वाकलेले, पन धुऱ्यावर अजून पोराइच्या पुढं चालतेत. म्हणे, "तू बिनघोर जाय गा. आमी आहो ना."

नागपूरचा दवाखाना कसा आहे ते लिवत नाही. ज्याइनं पायला त्याइले माहीत आहे, ज्याइनं नाही पायला त्याइनं पाऊ नये. तुकडा काढून तपासाले धाडला, आमी नातेवाइकाकडं रायलो, मंग डॉक्टरनं बोलावलं. कॅन्सर. जीभ अर्धी काढा लागन, कदाचित जास्त. लवकर या.

ताई रडली नाही. तिनं विचारलं, "अन् नाही काढली त?"

डॉक्टर म्हणे, "मग माणूस जाईल."

भाऊजीनं वेगळंच विचारलं. "काढल्यावर चव राहते का जी?"

डॉक्टरनं त्याइच्याकडं पायलं. म्हणे, "काका, आधी जीव बघा."

बाहेर आल्यावर बाकड्यावर बसून भाऊजी म्हणले, "एप्रिलपर्यंत थांबू. वाइन मिसळली का येतो."

ताई म्हणे, "लाज नाही वाटत? दारूपायी मरता का?"

"दारूपायी नाही. अठरा-वीस वर्सं दुसऱ्याची टाकी धुतली. एक डाव आपली मिसळू दे. मंग कापा मनावं जे कापायचं ते."

मी मधात पडली. "भाऊजी, तुमची जीभ एवढी गोड असती त मी ताईच्या जागी आली असती. द्या कापून."

कोणी नाही हासलं.

परत आलो त काळीपिवळीतूनच दिसलं. सगळी बाग चमकून राहिली होती. ओळीओळीत पाणी.

उतारावर पाणी थांबत नाही, हे कोणाले बी समजते. पन धान लावणाऱ्या माणसाले पाणी थांबवता येते, तोच त्याचा जलम. सुखराम काका, त्याइच्या दोन सुना अन् आजूबाजूचे घरचे, सगळ्याइनं मिळून दर ओळीच्या टोकाले पाणी अडवाले मातीची पार घातली होती. नीट, चोपून चोपून, बांधीले घालतेत तशी. अन् बोडीचं पाणी सोडलं होतं. काबर्ने खालच्या कोपऱ्यात होती, वरच्या पारीइनं पाणी अडलं म्हणून तिच्यापर्यंत कमी पोचलं. शिराज घोट्यापर्यंत उभी होती.

काका चिखलाच्या पायानं समोर आले. दोनी हात जोडून म्हणे, "बाबू, घाबरू नको. पानं सुकून राहिले होते, भुई तडकली होती. आमी म्हणलं, तो दवाखान्यात, अन् त्याचं वावर मरून राहिलं? उन्हाळी धानाले आमची पाळी होती. म्हणलं, आमचं राहू दे. आधी त्याचं."

म्हणजे समजलं का? बोडीचं पाणी उन्हाळ्यात पाळीनं भेटते. काकाचे परे, म्हणजे धानाची रोपं, वाळून राहिले होते. ते वाळू देल्ले अन् आपली पाळी त्याइनं भाऊजींच्या अंगुराले देल्ली.

मी भाऊजींच्या तोंडाकडं पायलं. मले वाटलं आता हा माणूस ओरडते. त्याइनं काकाचा चिखलाचा हात धरला. "लय उपकार झाले काका." मंग ताईले म्हणे, "चहा मांड व. सगळ्याइले."

त्या बाया वसरीत बसून चहा प्यायल्या अन् खुश होऊन गेल्या. त्याइची पाठ वळली तसा भाऊजीनं फावडा घेतला अन् पारी फोडाले लागले. मी अन् ताई बी लागलो. भाऊजींच्या तोंडातून लाल थुंकी पडत होती, खर्रा नव्हता तरी.

मंग जे व्हायचं तेच झालं. मणी फुगले. सालीले चिरा पडल्या, माश्या आल्या, घोसाइच्या पोटात बुरशी. नळीतली रेघ खाली उतरली. भाऊजी रोज पायचे, नळी पुसायचे, खिशात ठेवायचे. शिराज घाईनं तोडा लागली. सडके मणी एकेक काढून फेकत आमी बसलो, हात चिकट, डोक्यावर ऊन. काकाच्या सुना मदतीले आल्या. एक म्हणे, "बाई, पाणी देल्लं तरी सडले! देल्लं नसतं त काय झालं असतं व?" ताई खाली मान घालून मणी निवडत रायली.

आता कोणी विचारन वाइन कशी करतेत, त सांगते. टिनाच्या दोन खोल्या, भिंतीले वल्ले बारदाने टांगलेले, मधात स्टीलच्या टाक्या. चिरडलेले अंगूर सालीसकट टाकीत. दोन-तीन दिवसात खदखदाले लागते अन् साली वर येऊन जाड थर बसते. तो लाकडी दांड्यानं दाबत राहा लागते, रंग सालीतच असते म्हणून. वास अगदी मोह सडवल्यासारखा. मी म्हणलं, "भाऊजी, एवढे पैसे घालून मोहाचाच वास काढला." हे त्याइले आवडलं. थोडसे हासले. तवापर्यंत जेवण पातळ झालं होतं, नुसती पेज अन् वरणाचं पाणी.

काबर्ने मागून तोडली, मंग तिची बी तशीच. पिळली, गाळली. बाहेर मोह वेचाले बाया पहाटेच जंगलात जाऊन राहिल्या होत्या, दुपारी पाट्या भरून परत. एप्रिल असाच लागला. दर आठवड्याले ताई म्हणे, "चला नागपूरले." दर आठवड्याले भाऊजी म्हणे, "वाइनचा गाळ बसू दे जरा."

शेवटी मिसळायचा दिवस आला. सकाळी वसरीत पाट मांडला. भाऊजी मापं सांगत, मी भांड्यात मिसळत अन् काचेच्या गिलासात ओतत होती. एकदा अर्धी-अर्धी. एकदा शिराज कमी. ते घोट घेऊन तोंडात फिरवत, डोळे मिटत, थुंकत. वाइन आंबट, छाल्यावर लागली का अंग थरथरे. तरी पुढचा गिलास.

मले वाटलं, लय गंभीर झालं हे. थोडी मस्ती करावं. दोन गिलास भरले, दोनी एकाच भांड्यातले. तीन भाग काबर्ने, एक भाग शिराज. समोर ठेवले अन् म्हणलं, "घ्या, आता ह्या दोघीइतली कोणती?" म्हणलं, ते ओळखतीन, "देवका, चोरटे" म्हणतीन, अन् आमी हासू.

त्याइनं डावा घेतला. फिरवला. थुंकला. पाण्यानं चूळ भरली. उजवा घेतला. लय वेळ डोळे मिटून रायले.

मंग म्हणे, "डावी. डावीले हाड आहे. उजवी पातळ आहे."

मी हातातल्या भांड्याकडं पायलं.

"पक्कं?" मी विचारलं.

"पक्कं. हीच." अन् तोंडावर जे समाधान होतं ते मी त्याइच्या लग्नात बी नव्हतं पायलं.

मी सैपाकखोलीत गेली. ताई चुलीपाशी होती. हळूच सांगतलं, दोनी गिलास एकच होते.

ताईनं फुंकणी खाली ठेवली. म्हणे, "मले माहीत आहे. महिना-दीड महिना झाला. एक दिवस पेजेत मीठ टाकाचं भुलली. एका शब्दानं नाही बोलले. ज्या माणसानं मिठापायी ताट सरकवलं होतं."

"मंग काऊन नाही बोलली?"

"काय बोलू व? ज्या जिभेपायी थांबून राहिले, ते जीभ कवाचीच गेली, असं सांगू?"

आमी दोघी बाहेर आलो. मी जोरात म्हणलं, "हो जी भाऊजी, डावीच! मले बी डावीच वाटली. झालं ना आता? मिसळा अन् चला नागपूरले. नाहीतर मी टाकीत उडी मारते, मंग तिसरी जात होईन."

ते हासले. त्याच मापानं सगळी वाइन मिसळली अन् त्याच हप्त्यात आमी नागपूरले गेलो.

डॉक्टरनं तपासलं. गळ्यात उतरलं होतं. जीभ सगळीच काढली. फेब्रुवारीत आले असते त, असं म्हणाले लागला अन् ताईकडं पाहून थांबला. नाकातून नळी लावली. आमी परत आणलं त्याइले. ते खाटेवरून बागेकडं पायत. वाइन टाकीत होती. मी एक गिलास काढून नाकापाशी धरला, त वास घेऊन डोळे मिटले. मीरग लागला अन् ते गेले.

तेरवीले सुखराम काका आले. काठी टेकत, सगळ्याइच्या मधात बसले. परगावच्या पाव्हण्याइले सांगत होते, "बिचारा दवाखान्यात होता अन् बाग मरून राहिली होती. आमी आमची पाळी देल्ली. नाहीतर औंदा दारू झालीच नसती. त्याच्या हातानं शेवटची झाली, आमच्या पाण्यानं झाली." त्याइच्या डोळ्याले धार लागली होती. ताईनं त्याइच्या पानात आणखी वरण वाढलं. मले कोणाले बी टोमणा माराले येळ लागत नाही. तवा मी द्रोण लावत रायली.

मंग घरी आली. तेच देवरी, तेच कोहमारा, तेच पोहे. खाल्ले नाही. रस्ताभर परे टाकणं चालू होतं. सीताबाईनं किल्ली देल्ली अन् विचारलं, "कशी लागते व ते वाइन?" ताईनं दोन बाटल्या देल्ल्या होत्या. एक फोडली. मी प्यायली, तिले पाजली. आंबट, पातळ, रंग बी फिक्का. सीताबाई म्हणे, "याच्यापायी?" मी म्हणलं, "हो व. याच्यापायी." तरी ते बाटली मी दोन दिवसात संपवली.

मले सारखं वाटते, फेब्रुवारीतच त्याइले काही खोटं बोलून नेलं असतं त. पन तवा त्याइची जीभ होती. तवा त्याइनं ओळखलं असतं.

बाग अजून आहे. ताई म्हणते, दोन-तीन वर्सं चालवून पाहीन. तुमी कोणी गेले त दिवाळीनंतर जा, हवा चांगली राहते, रस्ता बी बरा. ताई बाग दाखवन, वाइन देईन. तिथं बोडीच्या पारीवर एक वाकलेला म्हातारा भेटन, तो तुमाले पाण्याची गोष्ट सांगन. पूरी ऐकून घ्या. मधात बोलू नका. अन् शेवटी म्हणा, "लय चांगलं केलं काका."