दहीभात खाल्लेले मासे

केरबा घोरपडे रागीट आहे, हे सांगलीच्या त्या कारखान्यात नव्या माणसालाही पहिल्या दिवशीच कळायचं. कोरेगावकडचा गडी, गॅस वेल्डिंगला होता. दुसऱ्यानं मारलेला सांधा कच्चा दिसला की छिन्नी लावून तोडायचा. "आता नीट मार. लोखंड बोलत न्हाई म्हणून फसवतोस व्हय रं?"

चौऱ्याहत्तर साली कारखान्याचे इंजिनिअर अजितकुमार मगदूम यांना केनियातल्या साखर कारखान्यात नोकरी लागली. बायको आणि मुलगी बरोबर निघाल्या. आई आक्काताई मागं राहणार होत्या. मुलगी त्रिशला हटून बसली. काचेच्या टाकीतले आपले मासे घेतल्याशिवाय ती विमानात बसणार नव्हती. साहेबांनी मुंबईच्या एका मासेवाल्याला विचारलं. जाड प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, वर ऑक्सिजन, आणि निघण्याआधी दोन दिवस उपास. पोट भरलं असलं तर मासे पाणी घाण करतात आणि त्यातच मरतात. ऑक्सिजनचा सिलिंडर केरबाकडं, म्हणून काम केरबाकडं आलं.

त्यानं हलक्या देवदाराची पेटी केली. आत भुसा ठासला, वर गोधडीचं अस्तर शिवलं. रोज कामावरून सुटल्यावर पिशव्या फुगवून, रबर पिळून बांधून बघितल्या. सकाळी सैल पडलेली दिसली की फेकून दुसरी. बायको शालूबाई म्हणाली, "पोरास्नी कवा असं अस्तर शिवलं न्हाई!"

"पोरं काय पिशवीत बसून केनियाला चालल्यात?" केरबा खेकसला.

निघायच्या दिवशी दुपारी त्यानं मासे चार पिशव्यांत भरले. नळीनं ऑक्सिजन सोडला. टिचकी मारली की पिशवी टणटण वाजायची. पिशव्या पेटीत ठेवल्या. झाकण स्टेशनवर ठोकू म्हणून ती उघडीच ठेवून तो संध्याकाळी टांगा आणायला गेला.

स्टेशनवर हातोडी काढली आणि सवयीनं पिशव्यांवरून हात फिरवला. पहिली लिबलिबीत. दुसरी तशीच. चारही तशाच. पाणी ताकासारखं पांढरं, तळाला शितं. मासे वर येऊन तोंड वासत होते.

"कुनी सोडल्या ह्या?"

"मी," आक्काताई म्हणाल्या. पोचवायला त्या आल्या होत्या. "दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकली. रात्री आपल्या जैनांत कोण खातंय? हीच बिचारी दोन दिवसाची उपाशी. चिमूट चिमूट दहीभात घातला. परत बांधलंय की तसंच."

"तसंच? आवं आक्का, आत भरलेलं समदं गेलं की निघून!"

"मला काय जाताना दिसलं न्हाई."

त्रिशला रडायला लागली. गाडी लागली होती. साहेबांनी हमालाला सामान दाखवलं आणि म्हणाले, "जाऊ दे केरबा. ठेव ती पेटी इथंच. तिकडं दुसरे घेऊ."

आक्काताईंवरचा राग केरबानं कसातरी गिळला होता. म्हातारीनं निदान जिवाला जीव म्हटलं होतं. हा राग मात्र गिळता येईना.

"दुसरे? सायेब, बॉयलर गळाला तर मी म्हनतो का, जाऊ द्या, दुसरा आना? मग हे कशाला केलं मी? फलाटावर टाकून जायला?"

फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. साहेबांचा चेहरा लाल झाला. केरबानं त्यांच्याकडं पाठ केली आणि पोरीसमोर वाकला. "तू जा. हे मी बगतो."

पेटी मांडीवर घेऊन तो टांग्यात बसला, शेजारी आक्काताई. पाणी हिंदकळलं की तो टांगेवाल्यावर ओरडायचा, टांगेवाला घोड्यावर. टाकी मगदुमांच्या घरीच होती, तिच्यात जुनं पाणी होतं. मासे त्यात सोडले. सकाळी दोन मेलेले निघाले. बाकीचे जगले.

पुढं दर रविवारी केरबा पाणी बदलायला मगदुमांच्या घरी जायचा. दर रविवारी तळाला शीत सापडायचं.

"आक्का!"

"एकच हाय रं. सांडलं आसंल."

"टाकीवर फळी हाय. फळी उचलून सांडलं?"

मग तो बाह्या सारून तळ खरवडून काढायचा, आणि आक्काताई त्याच्यासाठी ताटात भाकरी वाढून ठेवायच्या.

दीड वर्षानं साहेब रजेवर आले. त्रिशला चपला न काढता टाकीकडं धावली. केरबा कोपरापर्यंत पाण्यात होता. साहेब मागं येऊन उभे राहिले. "केरबा, त्या दिवशी मी..."

"उजेड अडतोय," केरबा म्हणाला. "बाजूला व्हा."