हात मागे ठेवून वाचलेली पुस्तकं

"हात दाखव."

मी दाखवले. दोन्ही. आधी तळवे, मग त्याने मानेने खूण केली तसे उलटे करून. भर दुपारी, जळगावच्या भर बाजारात, पुस्तकांच्या दुकानात, पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर. मी तेव्हा अकरावीला होते. प्राथमिक शाळेत मास्तर नखं बघायचे तेव्हा अशीच उभी राहायचे. पण तिथे सगळ्यांची नखं बघायचे. इथे माझीच.

"हे काळं काय?"

"केळीचा चीक आहे. जात नाही."

"पुस्तकांना लागेल."

"नाही लागत. वाळला की कशालाच लागत नाही."

मग गाव विचारलं. फैजपूरच्या बाजूचं आमचं खेडं, ते सांगितलं. मग आडनाव विचारलं. तेही सांगितलं. "हं," म्हणाला. आमच्याकडे आडनाव सांगितलं की घर गावात कुठल्या अंगाला, पाणी कुठल्या विहिरीचं, हे वेगळं सांगावं लागत नाही. त्या एका 'हं'मध्ये सगळं आलं.

दुकानाचा मालक तो. सगळे त्याला नाना म्हणायचे. मीही म्हणायचे, अहो-जाहो करायचे. आता लिहिताना करणार नाही.

झालं होतं एवढंच की मी फळी उचलली होती.

फळीचं सांगायला हवं. त्या दुकानात समोर लांबलचक लाकडी काउंटर होता. गिऱ्हाइकाने काउंटरच्या अलीकडे उभं राहायचं, पुस्तकाचं नाव सांगायचं. नाना आत जाऊन काढून आणायचा. काउंटरच्या एका टोकाला उचलायची फळी होती. ती वर केली की आत जाता यायचं. आत दोन खोल्या, जमिनीपासून आढ्यापर्यंत पुस्तकं. फळी कोणी उचलायची हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण गावाला माहीत होतं. प्राध्यापक उचलायचे. वकील, डॉक्टर, त्यांच्या बायका, त्यांची पोरं उचलायची. बाकीच्यांनी नाव सांगायचं.

आता मला सांगा, ज्या घरात पंचांगसुद्धा नाही, त्या घरातल्या पोरीला पुस्तकांची नावं कुठून येणार? नाव कळायला आत जायला पाहिजे. आत जायला आधी नाव पाहिजे, तेही वजनदार. मी किती दिवस हे कोडं डोक्यात घेऊन त्या काउंटरपुढून जात होते.

पहिल्यांदा गेले होते ती क्रमिक पुस्तकाला. उभी होते, तेवढ्यात माझ्याच वर्गातली एक मुलगी आली. वडील कॉलेजात प्राध्यापक. तिने नानाकडे बघितलंसुद्धा नाही. फळी उचलली, आत गेली. मी काउंटरवरून बघत राहिले. ती एका पायावर भार टाकून उभी. एक पुस्तक काढलं, मधूनच उघडलं, चार ओळी वाचून गालात हसली, परत ठेवलं. दुसरं काढलं. खाली बसली, सगळ्यात खालच्या कप्प्यातलं ओढलं, त्यावरची धूळ फुंकली. अर्धा तास तरी ती अशी हिंडत होती. मग रिकाम्या हाताने बाहेर आली आणि निघून गेली. काहीच घेतलं नाही. कोणी काही विचारलं नाही. मला तिचे कपडे, तिची सायकल, तिचा डबा, कशाचाच कधी हेवा वाटला नव्हता. त्या अर्ध्या तासाचा वाटला. खोटं कशाला बोलू, जीव तळमळला.

मी मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात राहायचे. शनिवारी कॉलेज लवकर सुटायचं. मग एस.टी.ने गावी. रविवारी आईबरोबर दुसऱ्याच्या केळीच्या बागेत कामाला. केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापायची, वाळलेली पानं काढायची. केळीचा चीक ओला असताना पाण्यासारखा असतो, काही कळत नाही. वाळला की काळा. लुगड्याला लागला तर लुगडं फाटेपर्यंत राहतो. हाताच्या भेगांत बसला तर कातडी बदलेपर्यंत. आणि कातडी बदलायच्या आत दुसरा रविवार येतो.

तर त्या शनिवारी मी मनाचा हिय्या केला आणि फळी उचलली. "ए! कुठे?" आणि मग ते हात दाखवणं.

त्याने मला हाकललं नाही. हाकललं असतं तर बरं झालं असतं. तो खादी घालायचा, सभांमधून समतेवर बोलायचा, मागासांच्या शिक्षणाचा त्याला कळवळा होता. त्याने तोडगा काढला.

"काय बघायचं ते तिथूनच सांग. मी दाखवतो. फक्त हात मागे ठेव."

मी हात मागे बांधले. "ते निळं," म्हणाले. त्याने निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक आणलं, काउंटरवर माझ्याकडे तोंड करून उघडलं आणि स्वतः पानं उलटली. कुठल्याशा बर्फाळ देशातल्या प्रवासाचं पुस्तक होतं. मी वाकून वाचत होते. निम्म्या पानावर आले की तो पान उलटायचा. "थांबा" म्हणायची हिंमत नव्हती. पुढच्या पानाच्या निम्म्यावर गेले की ते उलटायचा. त्या प्रवाशाची गाडी बर्फात अडकली एवढं कळलं. पुढे काय झालं ते त्या उलटलेल्या पानाखाली राहिलं.

आणि मी काय म्हणाले? "थँक्यू, नाना."

ह्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. त्याने हात बघितले त्याची नाही. मी थँक्यू म्हणाले त्याची. आणि पुढच्या शनिवारी परत गेले त्याची. असे तीन-चार महिने गेले. दर शनिवारी एस.टी.च्या आधी मी हात पाठीमागे बांधून त्या काउंटरशी उभी राहायचे. तीन पुस्तकं मागायची मुभा होती. चौथं मागितलं की तो उसासा टाकायचा. गिऱ्हाइकांना सांगायचा, "बघा, मजुराची पोर. पण वाचनाची आवड बघा!" ते कौतुकाने माझ्याकडे बघायचे. मी मान खाली घालून हसायचे.

एका रविवारी संध्याकाळी घरामागे बसून मी हात घासत होते. रॉकेलने झालं, चिंचेने झालं, मग विटकरीचा तुकडा घेतला. बोटांतून रक्त यायला लागलं. आई आली. ती माहेरची धुळ्याकडची, इतकी वर्षं इकडे काढूनही तिची अहिराणी सुटली नव्हती.

"हात काब्र सोली ऱ्हायनी?"

हात का सोलतेय ते मी तिला सांगितलं. दुकान, फळी, हात मागे, सगळं. तिने विटकर माझ्या हातातून घेतली आणि लांब फेकली.

"हाऊ मय नही शे. काम शे हाऊ. काम बी काढी टाकशी का मंग?"

हा मळ नाही, हे काम आहे, असं ती म्हणत होती. मला तेव्हा तिचा राग आला. हिला काय कळतंय, वाटलं. हिला कुठे पुस्तकं बघायची आहेत. अंगठा लावणाऱ्या आईबद्दल शिकलेल्या पोरीला जे वाटतं तेच वाटलं, आणि तेही इथे लिहून ठेवते.

पुढच्या शनिवारी दुकानात गेले. मी काउंटरशी, हात मागे. ती प्राध्यापकाची मुलगी आत. तिच्या हातात केळीच्या वेफर्सची पुडी होती. एक वेफर तोंडात, त्याच बोटांनी पान उलट, परत पुडीत हात. तेलाने चमकणारी बोटं मला एवढ्या लांबून दिसत होती. तिने ते पुस्तक ठेवलं, दुसऱ्याकडे गेली. योगायोगाने मला तेच हवं होतं. "ते दाखवा," मी म्हणाले. नानाने आणलं, उघडलं. पानावर तेलाचा अंगठा. अख्खा. त्यातून मागच्या पानावरची अक्षरं दिसत होती.

नानाने धोतराच्या सोग्याने तो पुसल्यासारखं केलं. आत बघून हसला. "पोरगी आहे," म्हणाला.

मग मी कोण होते?

माझे हात पाठीमागून सुटले. मी सोडवले असं म्हणणार नाही, सुटले. मी त्या पानावर दोन्ही तळवे दाबून ठेवले. जोरात. नाना "अगं, अगं" करत होता. उचलले. पान कोरं. तेलाचा डाग होता तो होता, माझा एकही नव्हता.

"बघा. लागत नाही म्हणून पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आणि तुम्हाला माहीत नव्हतं? सावद्याला तुमची स्वतःची केळीची बाग आहे."

त्या जिल्ह्यात केळीचा चीक माहीत नसलेला माणूस शोधून सापडणार नाही. त्याची बाग माझ्या आईसारख्या बाया कापत होत्या. त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

तो आवाज खाली आणून म्हणाला, "चिकाचं नाही गं बाळ. आत घरंदाज लोक येतात. त्यांना काय वाटेल? मी काही तसं मानत नाही, तुला माहीत आहे."

"मग हात कशाला बघितले?"

त्याने पुस्तक मिटून बाजूला सरकवलं. उत्तर मला माहीत होतं. डागाचं नाव पुढे केलं की माझ्या मनात मीच घाण ठरत होते. त्याला काही म्हणावंच लागत नव्हतं. मी घरी जाऊन स्वतःच विटकरीने हात सोलत होते.

मी फळी उचलली आणि आत गेले.

"बाहेर ये!" तो ओरडला.

"येते. बघून झालं की."

त्याने मला ओढून काढलं नाही. का ते मला लगेच कळलं. ओढायचं तर माझा हात धरावा लागला असता.

मी हिंडले. पहिल्या खोलीत नाटकं होती. एकातला एक संवाद वाचला, हसू आलं, ठेवलं. सापांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं, त्यातली चित्रं बघितली. पाककृती होत्या, ज्योतिष होतं, ताऱ्यांवरचं होतं. एका कवितेच्या पुस्तकाची पानं अजून कडेला चिकटलेली होती, म्हणजे माझ्याआधी ते कोणीच उघडलं नव्हतं. ती पानं मी बोटाने सावकाश सोडवली. खाली बसले, सगळ्यात खालच्या कप्प्यातलं ओढलं, धूळ फुंकली. नाकात गेली, शिंकले. कामाचं असं एकही पुस्तक मी बघितलं नाही. एकही पूर्ण वाचलं नाही. मनाला येईल तिथून उघडत होते आणि मनाला येईल तेव्हा मिटत होते. प्राध्यापकाची मुलगी भिंतीला चिकटून माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हणाले, "सरक जरा." ती सरकली.

शेवटी एस.टी.ची वेळ झाली म्हणून बाहेर आले. त्याने हाकललं म्हणून नाही.

पुढच्या शनिवारी गेले तर फळीला आतून कडी लावलेली होती. घरंदाज माणूस आला की नाना कडी काढायचा, आत घ्यायचा, परत लावायचा. मला बघून त्याने तोंड फिरवलं. वसतिगृहाच्या बाईंपर्यंत तक्रार गेली, मला उद्धट ठरवलं गेलं. त्या दुकानाच्या आत मी पुन्हा कधी गेले नाही. ओळखीचे काही लोक आजही म्हणतात, नाना वाईट माणूस नव्हता, तुला पुस्तकं दाखवत तर होता. दाखवत होता, खरं आहे. कुठलं दाखवायचं, किती वेळ, कुठल्या पानापर्यंत, हे तो ठरवत होता. माझा नकार त्याला होता.

मी डी.एड. केलं. धुळ्याच्या बाजूला एका शाळेत लागले. सगळी पोरं भिल्लांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची, गवंड्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांची. हेडमास्तरांच्या खोलीत लोखंडी कपाट होतं. कुलूप लावलेलं. विचारलं, आत काय? म्हणाले, "पुस्तकं. गोष्टीची वगैरे."

"पोरांना देत नाही?"

"तपासणीला साहेब आले की काढतो. एरवी नको. बाई, तुम्ही नवीन आहात. ही पोरं हाताळतील, फाडतील."

हेडमास्तर स्वभावाने भले होते. मला खुर्ची दिली होती, चहा मागवला होता. मी चहाला हात लावला नाही.

"किल्ली द्या."

"अहो, पण फाटली तर?"

"फाटू द्या."

"जबाबदारी कोण घेणार?"

"मी."

त्यांनी ड्रॉवर उघडला, बराच वेळ काहीतरी शोधल्यासारखं केलं, आणि किल्ली टेबलावर ठेवली. मी कपाट उघडलं. सगळी पुस्तकं उचलून वर्गात नेली आणि जमिनीवर पसरली. पोरांना म्हणाले, घ्या. पोरं हलेनात. एकीने भीत भीत विचारलं, "बाई, कोनतं घेऊ?"

"मला विचारायचं नाही," मी म्हणाले.

त्याला आता पाच वर्षं झाली. बरीच पुस्तकं फाटली. काही हरवली, काही कोणाकोणाच्या घरी राहिली. हेडमास्तर दर सत्राला किल्ली परत मागतात. मी देत नाही. देणार नाही.