आधी विचारा

जर्मनीत ब्राउनश्वाइग शहरातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी कॅन्टीनमध्ये काम करते. तिथे अनुभवी नर्सना एक बाई शिकवतात. विम्याकडे बिल पाठवताना कुठल्या आजाराला कुठला कोड लावायचा, हा त्यांचा विषय. चष्मा केसांत खोचून त्या कोडचं पुस्तक काखेत दाबून धरतात. नाव विचारायचा मला धीर झाला नाही, पण कप गोळा करताना मी दारात रेंगाळते.

एकदा वर्गात सरावासाठी त्यांनी मलाच पेशंट म्हणून बसवलं. चारचौघांत माझे हात थरथरतात. आजार निघाला तर काम जाईल, म्हणून मी ते लपवत आलेले.

एक नर्स लगेच म्हणाली, "हातांना कंप. मेंदूचा विकार."

"आल्झो," बाई म्हणाल्या; 'तर मग' म्हणायचा हा जर्मन शब्द त्यांच्या तोंडी कायम असतो. "विचारलंत त्यांना?"

नर्सने खुर्ची जवळ ओढली. "हात कधी थरथरतात तुमचे?"

"शिकलेल्या माणसांसमोर. मी आठवीत शाळा सोडली."

"घरी?"

"घरी नाही."

"मग कोड कुठला लावू?" नर्सने बाईंना विचारलं.

"कुठलाच नाही. पहिल्या तासाला माझेही थरथरतात. म्हणून तर पुस्तक घट्ट धरते."

मी कप उचलले. ते खणखणत होते, तरी मी दारापर्यंत सावकाश चालत गेले.