जायाचे सहा तास

आमच्या आईच्या हिशेबाने अमेरिका मुंबईपेक्षा जवळ होती. ती नेमकी कुठं चुकली, हे मला आजही धड सांगता येत नाही. डोकं चक्रावतं.

मामा, म्हणजे आईचा एकुलता एक धाकटा भाऊ, नोकरीसाठी तिकडे गेला तेव्हा मुंबईहून रात्री एकला निघाला आणि सकाळी सातला उतरला. तिकिटावरच तसं होतं. सहा तास! देऊळगाव राजाहून मुंबई गाठायला आम्हाला बसमध्ये अख्खी रात्र मोडावी लागायची. त्याचा पोचल्याचा फोन मात्र दिवेलागणीला आला. आईने त्याची हजेरीच घेतली. "सकाळीच उतरला न? मंग दिवसभर कुठं उंडारत होता रे?" तो घड्याळाचं काहीतरी समजावू लागला. "मले नको शिकवू," म्हणून तिने फोन ठेवला.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी बाबांनी पहिल्यांदाच बीटीचा कापूस लावला होता. फवारणीची कटकट संपली, असं दुकानदार म्हणाला होता, आणि बाबा पाठीवर पंप घेऊन रोज वावरात. घरात कोण काय म्हणतं ते कोणी नीट ऐकून घेत नव्हतं. मुलाकडच्यांनी रविवारचे दोन मुहूर्त सुचवले, एक सकाळचा आणि एक गोरज. मामा फोनवर म्हणाला, "शुक्रवारी रात्री निघतो, त्याआधी रजा नाही." आईने बोटांवर हिशेब केला. शनिवारी पहाटे मुंबई, संध्याकाळी हळदीला घरी. वेचणीचे दिवस, वऱ्हाडही उजेडी परत जाईल. तिने सकाळचा मुहूर्त धरला. मामाने मला बोहल्यावर आणायचं आणि मागे उभं राहायचं, हे मी पाळण्यात असल्यापासून तिने ठरवलेलं.

हळद लागली, मामा नाही. मला आईचा राग येत होता आणि विमानाची भीती वाटत होती, दोन्ही एकदम. सकाळी भटजी म्हणाले, "मुलीचे मामा, पुढे या." आई रस्त्याकडेच बघत राहिली. शेवटी दुसरबीडचे तिचे चुलतभाऊ टोपी सारखी करत उठले. मी रडले. लोकांना वाटलं, सासरी जायचं म्हणून.

पंगती उठल्या, पाठवणीची गाडी दारात लागली, तेव्हा मामा बॅग ओढत आला.

"ताई, मी वाटेत कुठंच थांबलो नाही गं."

"जाताना तुले सहाच तास लागले होते," आई म्हणाली.



मग ती माझ्याजवळ आली. माझं सासर रोहिणखेडचं, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तिला धीर द्यायला माझा नवरा म्हणाला, "तीनेक तासांचा तर रस्ता आहे, आई."

"जायाचे नका सांगू, जावाईबापू," आई म्हणाली. "हिले माघारी यायाले किती लागतात, ते सांगा."