पडायला ठेवलेली पोट्टी

"जहाँ ये खड़ी थी, वहाँ पोंछा मारो."

मुलीला ज्यूदोला घेऊन आलेली साहेबांची बायको म्हणाली. मोठ्यानं नाही. चहात साखर कमी आहे असं सांगावं, तसं.

मी गादीच्या मधोमध उभी होते. आठवीत होते. अंगात शाळेतून मिळालेला ज्यूदोचा पांढरा कोट. पांढरा म्हणायचा, इतकंच. आम्ही रायपूरबाहेर बीरगांवात राहायचो. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी दोरीवरच्या कपड्यांवर बसायची, भरलेल्या पाण्यावर बसायची, नाकात बसायची. माय कोट घासून घासून धुवायची. वाळेपर्यंत पुन्हा करडा.

हॉलचा चपराशी पोंछा घेऊन आला. शिकवणाऱ्या सरांनी तो त्याच्या हातातून घेतला आणि माझ्या हातात दिला.

"ले. खुद पोंछ."

मी पुसलं. गुडघ्यावर बसून. बाकीच्या मुली भिंतीला टेकून बघत होत्या. फिनेलचा वास. मी उलटी उलटी सरकत माझीच पावलं पुसत दारापर्यंत गेले. मग साहेबांची मुलगी गादीवर आली.

नवं राज्य नुकतंच झालं होतं. रायपूर राजधानी झालं. भोपाळहून साहेब लोक आले, बंगले रंगवले गेले, रस्तोरस्ती नव्या पाट्या लागल्या. राज्याचे खेळांचे संघही नव्यानं बनत होते. सगळ्या जागा रिकाम्या. खेळाचा दाखला असला की पुढे कॉलेजात सोपं जातं, हे साहेब लोकांना आमच्या आधी कळलं होतं.

सर तात्यापारा मोहल्ल्यातले. जुनं मराठी घर. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून त्यांचा चेहरा खुलला होता.

"अरे वा! कुठले तुम्ही?"

"भंडाऱ्याकडचे."

"आडनाव काय?"

मी सांगितलं.

"हं. त्यातले."

तेवढंच. त्यानंतर सर माझ्याशी कधी मराठीत बोलले नाहीत. बाकी मराठी मुलींशी बोलायचे. माझ्याशी हिंदी.

पोंछ्यानंतरही मी हॉलला जात राहिले. काहून गेलीस, असं आता कोणी विचारलं तर सांगते. मला तो खेळ आवडायचा. समोरचीचा कोट मुठीत धरला की माझ्या अंगात काहीतरी जागं व्हायचं. शाळेत, पाऱ्यातल्या गल्लीत, नळावर, सगळीकडे मी बाजूला सरकून उभी राहायची. गादीवर सरकायचं नसतं. तिथं धरायचं असतं.

पण मला धरू देत नव्हते. सरांनी मला साहेबांच्या मुलीची जोडीदार केलं. तिनं डाव शिकायचे, मी पडायचं. खांद्यावरून पडायचं, कमरेवरून पडायचं. ती दमली की पाणी प्यायची, मी उभी राहायची. एकदा दुसऱ्या जिल्ह्याचा प्रशिक्षक आला. त्यानं माझ्याकडे बोट करून विचारलं, ही कशी खेळते? सर हसले.

"ये खेलती नहीं. इसको गिरने के लिए रखा है."

दोन वर्षं मी पडले. साहेबांची मुलगी वाईट नव्हती. तिनं मला कधी शिवी दिली नाही. तिला फक्त मी दिसत नव्हते. गादी दिसते का कोणाला?

मग राज्याच्या संघाची निवड चाचणी आली. माझं आणि तिचं वजन एकाच गटात. जागा एक. आदल्या दिवशी सरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. खांद्यावर हात ठेवला. आणि मराठीत बोलले.

"बाळ, तू आपली पोरगी आहेस. आपल्या माणसाचं ऐकशील ना? उद्या पड. एकदम नको, खरं वाटलं पाहिजे. पुढच्या वर्षी तुला मीच नेतो."

दोन वर्षांत मी पहिल्यांदा आपली झाले होते. पडण्यापुरती.

मी म्हटलं, "हव."

घरी जेवताना मायला सांगितलं. माय भाकर थापत होती. मान वर न करता म्हणाली, "पड ना मंग. रोजच तं पडतेस. मोठ्यायच्या पोट्टीले पाडून तुले काय भेटन?"

बाबा कारखान्यात भट्टीवर काम करायचे. ताटावर बसले होते. त्यांचा घास थांबला.

"रोज पडते म्हंजे?"

मी सगळं सांगितलं. पोंछ्याचंही. ते त्यांना माहीत नव्हतं. बाबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "मले वाटे, तू खेळाले जाते म्हून."

लढ म्हणाले नाहीत, पड म्हणाले नाहीत. हात धुऊन उठले.

चाचणीच्या दिवशी हॉल भरला होता. पुढे सोफ्यावर साहेब, त्यांची बायको, आणखी दोन-तीन साहेब. पंच सरांचा मित्र. आम्ही वाकून नमस्कार केला. तिनं माझी कॉलर धरली, कंबर आत घातली. मी पडले. सांगितल्याप्रमाणे, थोडी कुशीवर, म्हणजे लढत लगेच संपू नये आणि खरं वाटावं. अर्धा गुण तिला. टाळ्या.

मी उठून पट्टा बांधत होते. मागून साहेबांच्या बायकोचा आवाज आला. शेजारणीला सांगत होती, कौतुकानं.

"गिरती अच्छा है ये लड़की."

पोंछ्याच्या दिवशी मला लाज वाटली होती. या वेळी लाज नाही वाटली. डोकं एकदम थंड झालं. पट्ट्याची गाठ आवळली.

ती पुन्हा आली. तोच हात, तीच कंबर. मी खाली बसले, तिला पाठीवर घेतलं आणि टाकलं. पूर्ण पाठ. धाडकन. इथं खेळ संपतो. पूर्ण पाठ टेकली की संपतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पंचाचा हात वर गेला नाही. तो सरांकडे बघत होता.

मग मीही सोडलं नाही. तिचा हात दोन्ही मांड्यांत धरला, कोपर सरळ केलं आणि मागे रेलले. पंचानं काय ठरवायचं ते ठरवावं. आता ठरवणार होती ती. तिनं दात आवळले. मी आणखी रेलले. मग तिनं दुसऱ्या हातानं गादीवर थापा मारल्या. थाप, थाप, थाप. हार कबूल. तो आवाज सोफ्यापर्यंत गेला. पंचाला थांबवावंच लागलं.

ती रडत उठली. कोपर धरून माझ्याकडे बघत राहिली. पहिल्यांदा बघितलं तिनं.

"तूने पहले क्यों नहीं बताया कि तू ऐसे लड़ती है?"

मी वाकून नमस्कार केला आणि गादीवरून उतरले.

अर्ध्या तासानं निवड जाहीर झाली. नाव तिचंच. सर म्हणाले, माझ्यात अनुशासन नाही, मी जाणूनबुजून इजा केली. मी गादीवर गेले आणि मराठीत म्हटलं, "सर, तुम्ही मले पडाले सांगतलं होतं. काल. व्हरांड्यात."

सर ओरडले, "क्या बड़बड़ा रही है?"

त्यांना वाटलं, मराठी त्या सोफ्यापर्यंत पोचणार नाही. मी मागे वळले आणि सगळ्यांकडे तोंड करून हिंदीत सांगितलं. शब्द न् शब्द. काल काय म्हणाले, आपली पोरगी कशी म्हणाले, आणि त्याआधी दोन वर्षं काय म्हणत होते तेही. साहेब उठून गेले. सरांनी मला हॉलमधून काढलं. त्या वर्षी ती गेली. मी नाही.

बीरगांवात एक आखाडा होता. नागपंचमीला कुस्त्या व्हायच्या, पुरुषांच्या. पोरींना मनाई. मी रोज जाऊन कडेला उभी राहिले. लोक हसले, मायला टोमणे मारले. शेवटी म्हातारे पहिलवान वैतागून म्हणाले, "आ जा नोनी. फेर बहाना झन करबे." ये पोरी, पण मग सबबी सांगायच्या नाहीत. मी कधी सांगितल्या नाहीत. मातीतली कुस्ती शिकले, मग मॅटवरची. राज्याकडून कुस्ती खेळले, ज्यूदोही खेळले, दुसऱ्या जिल्ह्यातून नाव घालून. पदकं आली. कुस्तीत घासून घासून कानाचा आकार बिघडला. एक गुडघा कायमचा दुखतो. लग्नाची दोन स्थळं कान बघून परत गेली. जाऊ दे.

आज मी बीरगांवातच पोरींना शिकवते. भट्टीवाल्यांच्या, हमालांच्या, लोकांच्या घरी भांडी घासणाऱ्या बायांच्या पोरी. गेल्या महिन्यात नव्या रायपुरातल्या एका मोठ्या हॉलमधून फोन आला. एका बड्या माणसाच्या मुलीला सरावासाठी दणकट पोरगी पाहिजे. "दीदी, बस प्रैक्टिस के लिए. खाना-आना सब देंगे."

मी म्हटलं, "भेजूँगी. लेकिन दोनों एक-दूसरे को गिराएँगी. बारी-बारी से. मंज़ूर है?"

पलीकडचा माणूस हसला. त्याला ती गंमत वाटली. मी हसले नाही. मग तो म्हणाला, पूछ के बताता हूँ. अजून विचारतोच आहे.

यंदाच्या चाचणीला मी माझ्या सगळ्या पोट्ट्या घेऊन जाणार आहे. त्यांना सांगून ठेवलंय, पंच हात वर करणार नाही, असं धरूनच लढा. आमची पाठ कोणाला पाहिजे असेल, तर त्यानं गादीवर यावं आणि टेकवून दाखवावी. मागितली म्हणून मिळणार नाही. आपली पोरगी म्हटलं, तरी मिळणार नाही.